वऱ्हाडच्या कापसाची वंशावळ

पुण्यास परत येऊन दोन महिने झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना खरेच चांदीची टोपणे घालतात काय? घालतात, मी पाहिली. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून विलायतेच्या गिरण्या कापसाला मोताद झाल्या आहेत आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत जणू रुपयेच पिकत आहेत. एवढे ऐकले की मंडळी पानसुपारी घेऊन उठतात. मी तिकडे कशासाठी गेलो होतो हे कोणी विचारत नाही. ते काम, आणि त्यात माझ्या हातून झालेली चूक, कुठेतरी लिहून ठेवलेली बरी म्हणून बसलो आहे.

आमच्या घराण्यात चित्रे रंगवण्याचा धंदा. वडील देवळांच्या भिंती रंगवीत, मी इंग्रज साहेबांसाठी पाने-फुले रंगवतो. दोन वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत माझी बायको गेली. मूलबाळ नव्हते. घरात तीन खोल्या आणि मी, त्यामुळे एका साहेबाने वऱ्हाडात चार-सहा महिने येतोस का विचारले तेव्हा मी मेहनतानाही न विचारता हो म्हणालो.

साहेब कापसाच्या चौकशीवर नेमलेले होते, पण खरा नाद निराळा. विलायतेत नुकतेच निघालेले एक पुस्तक त्यांच्या उशाशी असे. त्यातले म्हणणे त्यांनी मला त्यांच्या मुन्शीकडून शिकलेल्या मराठीत समजावले. आजवर पंडितांनी जीवांचे वर्ग पाडले ते रूपावरून, वाणी डाळी मांडतो तसे. पाखरासारखे उडते म्हणून वटवाघूळ पाखरांत. हे चूक. कोण कोणापासून उतरला ते शोधावे आणि त्याप्रमाणे वर्ग पाडावे, कारण जीवांना वंशावळ आहे. त्यांनी कागदावर एक झाड काढले, त्याला फांद्या, फांद्यांना फांद्या. पुष्कळ फांद्या मध्येच थांबवल्या होत्या. मी विचारले, या का तोडल्या? म्हणाले, ते वंश बुडाले. मग मी विचारले, या झाडावर माणूस कुठे? साहेबांनी पेन्सिल एका फांदीवर ठेवली, तिच्या शेजारच्या फांदीवर ठेवली, माझ्याकडे बघून गालात हसले. शेजारी कोण बसले असेल ते वाचकांनी ताडावे. मी आमच्या आळीत सांगितले तेव्हा मला आठवडाभर विड्याला बोलावले नाही.

असे एक झाड त्यांना वऱ्हाडच्या कापसाचे करायचे होते. शेतोशेत जाऊन पान, फूल, बोंड रंगवायचे आणि शेतकऱ्याला विचारायचे की हे बियाणे कोणाचे, कुठून आणले. रूपाने फसायचे नाही, वंश विचारायचा. झाड पुरे झाले की त्यावरून ठरणार होते की येत्या पेरणीला कोणते बियाणे राखायचे आणि कोणते ढोरांना घालायचे. वऱ्हाडात मुख्य दोन कापूस, बनी आणि जरी. बनीचा धागा लांब आणि मऊ, जरीचा आखूड आणि राठ; पण जरी पिकते भरपूर म्हणून शेतकरी तीच पेरतो. साहेबांचा विचार असा की बनीचे कूळ वाढवावे आणि जरीचे बी ढोरांना सरकी म्हणून घालून संपवावे. जरीवाल्यांना बनीचे बियाणे बदली मिळणार होते.

भुसावळ ते बाळापूर

आगगाडीने भुसावळपर्यंत आलो. पुढे रुळांचा नुसता भराव झाला होता, म्हणून बैलगाडी केली. मार्गशीर्ष होता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्ये तुरीच्या ओळी, आणि सपाटी अशी की आमच्या डोंगराळ मुलखातल्या माणसाला डोळा टेकायला जागा सापडू नये. घाटात वळण आले की पुढे काय असेल याची उत्सुकता असते. इथे सकाळी जे गाव दिसते त्यात माणूस संध्याकाळी पोचतो.

बाळापूरच्या अलीकडे नदी उतरताना गाडीचे चाक दगडावरून घसरले आणि माझी रंगांची पेटी पाण्यात गेली. बाकी रंग वाचले, पिवळा सगळा विरघळला. कापसाचे फूल पिवळे! त्या दिवसापासून मी जी फुले रंगवली ती बाळापूरच्या एका घरातून मागून घेतलेल्या हळदीत डिंक कालवून. साहेबांनी त्या रंगाची फार तारीफ केली.

बाळापुरात किल्ल्याच्या सावलीला उतरलो. तिथल्या माणसांनी मी कापूस बघण्याआधी माझेच वर्ग पाडायला घेतले. "तुमी कोनापैकी? गाव कोन्तं? इकडं कावून आले? घरी कोन कोन हाय?" कावून म्हणजे का. पुण्यात हे प्रश्न लोक मनात ठेवतात आणि घरी जाऊन एकमेकांना विचारतात. इथे तोंडावर. घरी कोणी नाही म्हटल्यावर एक म्हातारा म्हणाला, "मंग पुन्याले वापस कायले जाता?" त्याने प्रेमाने विचारले होते. मला मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही.

एरवी जेवणाची चंगळ होती. शेतात गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे भाजतात, वरची राख झटकून फोडतात आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. भाजीवर तेलाचा तवंग असा की आमच्याकडची सुगरण घाबरावी. वाढणारा "घ्या ना बाप्पा, लाजून कावून राह्यले?" म्हणून दरडावतो आणि ताटात आणखी एक रोडगा पडतो. सगळे मिळून जेवतात, हसतात, एकमेकांच्या बायकांच्या माहेरावरून चेष्टा करतात. मी त्यांच्यात बसायचो आणि माझी चेष्टा करायला कोणाला काही सापडत नसे.

अकोटकडचे एक गाव

साहेब अकोल्यास राहिले आणि मी अकोटकडच्या गावांत एकटा फिरू लागलो. चाळीस-पन्नास शेतकऱ्यांना विचारून माझा हात बसला होता. इकडे बियाण्याला आणणाऱ्याच्या किंवा निवडणाऱ्याच्या नावानेच ओळखतात. "हे गंगारामाचं बियानं, त्यानं सासुरवाडीहून आनलं," असे कोणी म्हणाले की मी गंगारामाच्या सासुरवाडीस जायचो. फांदीला फांदी लागत होती. मला त्या कामाची गोडी लागली हे कबूल करतो. वंशावळी लिहिणाऱ्या भाटाला जी ऐट असते ती माझ्यातही आली होती.

अकोटपासून दोन कोसांवरच्या एका गावी पोचलो. बहुतेक पुरुष कापसाच्या गाड्या घेऊन बाजाराला गेले होते. गावाच्या कडेला, मुरमाड जमिनीच्या तुकड्यात एक बाई एकटीच वेचणी करत होती. कमरेला ओटी बांधलेली, डोक्यावरून पदर. कापसाचे झाड बुटके, पाने बारीक आणि खोल कातरलेली, अगदी जरीसारखी. मी खाली बसून पान रंगवले. मग नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"बाई, हे बियाणं कोणाचं?"

"आमचंच व्हय. घरचं."

"घरचं खरं, पण आणलं कोणी? नाव काय याचं?"

ती वेचता वेचता थांबली. पदर थोडा पुढे ओढला आणि दुसऱ्या ओळीकडे वळली. मी पुन्हा विचारले. उन्हे उतरत होती, मला अजून दोन शेते करायची होती आणि रंग हातावर वाळत होता.

"बाई, नाव सांगा. नाव लागतं मला कागदावर."

"मी काय सांगू? समदे पेरतेत थेच."

"म्हणजे जरी?"

"म्हना जरी."

"नक्की?"

"म्हना ना बाप्पा. जरी म्हना."

मला वाटले, बाई तुसडी आहे. पान जरीचे होते, तोंडचा शब्द जरीचा होता. वहीत 'जरी' लिहून मी उठलो. तिने कापसाचा एक पुंजका माझ्यापुढे धरला होता, बघा म्हणून. मी घाईत तो बघितला नाही.

उमरावती

पौषात आम्ही उमरावतीस आलो. तिथल्या कापसाच्या बाजाराचे वर्णन मला साधणार नाही. दोन-दोन फर्लांग गाड्या उभ्या, हवेत कापसाचा धुरळा, माणसे खोकतात आणि भाव बोलतात. पारशी, मारवाडी, मुंबईचे आडते, साहेब लोक. गठ्ठे दाबण्याच्या यंत्राभोवती बघ्यांची जत्रा. शिंगांची चांदी मी पाहिली ती इथेच. एवढ्या गर्दीत संध्याकाळी मी बिऱ्हाडी येऊन भाकरी थापायचो, एक खायचो आणि दुसरी उरायची. एकट्याची भाकरी मोजून करणे मला दोन वर्षांत जमले नाही.

तिथे झाड पुरे केले. मोठ्या कागदावर साहेब सांगत आणि मी काढीत असे. बनीची फांदी हिरव्या शाईने, जरीची तांबड्या. साहेबांनी त्याची यादी केली आणि गावोगावच्या पाटलांना हुकूम गेले. तांबड्या यादीतल्यांनी बियाणे राखू नये, ढोरांना घालावे, पेरणीआधी बदली मिळेल. मी त्या रात्री कितीतरी महिन्यांनी समाधानाने झोपलो. आपल्या हातून काही उपयोगाचे झाले असे वाटले.

चैत्र संपता संपता बाजारात एका गाडीवाल्याने मला ओळखले. सोनाजी नाव, अकोटकडच्या त्याच गावचा. मी गेलो तेव्हा तो बाळापूरला कापूस घालायला गेला होता. "तुमीच का थे पानं काढनारे?" म्हणाला. मी अभिमानाने त्याला बिऱ्हाडी नेले आणि झाड दाखवले. त्याला अक्षर येत नव्हते, म्हणून त्याच्या गावची नावे मी वाचून दाखवली. त्याने सगळी ऐकली आणि विचारले,

"अन् पुंजाजीचं बियानं?"

"कोण पुंजाजी?"

"थो मेला मांगच्या साली. त्याचं बियानं तं साऱ्या अकोटात ठावं हाय. बनीच्या वावरात त्याले एक झाड सापडलं, पानी नसताना हिरवं राह्यलेलं. त्याचं त्यानं धरलं. मुरमात टाका, पाऊस दगा देऊ द्या, थे जगते. धागा पाहा तं रेशीम. पान मात्र जरीवानी दिसते, म्हनून मानसं फसते." तो हसला. "पिकते कमी, म्हनून कोनी पेरत नाई. आता त्याची बायकोच पेरते, एकटी. गावाच्या कडेले वावर हाय, मुरमाचं."

मी वही काढली. पान काढून ठेवलेले होतेच, खाली माझ्या अक्षरात 'जरी'.

तिने मला नाव का सांगितले नाही हे मला तिथेच, सोनाजीच्या समोर, उमगले. कशी सांगणार? बियाण्याचे नाव तिच्या नवऱ्याचे नाव होते. कोणती बाई परक्या माणसासमोर ते घेईल? आमच्या घरी तेरा वर्षांत माझे नाव एकदाही उच्चारले गेले नव्हते. माझ्या नावाच्या देवाची आरती आली की बायको तेवढी ओळ ओठांत मिटून घेई आणि मी मुद्दाम मोठ्याने म्हणे. एवढे घरातले मी दोन वर्षांत विसरलो होतो. वटवाघळाला पाखरू म्हणणाऱ्या पंडितांना हसलो आणि पान बघून, हो म्हणवून घेऊन, जरी लिहिली.

साहेबांना सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला, पाटलाच्या नावे चिठ्ठी लिहून दिली, दुरुस्त करायला झाडाचा कागद बरोबर दिला आणि म्हणाले, आत्ता नीघ. मुरमात आणि दुष्काळात टिकणारी बनी त्यांना कुठेच सापडली नव्हती.

पुन्हा त्या गावी

तीन दिवस गाडी हाकवली. वैशाखातले वऱ्हाड मार्गशीर्षातल्यासारखे ओळखू येत नाही. जमीन भेगाळलेली, शेते उघडी, पळसाशिवाय रंग नाही. वाटेत मी एकच हिशेब करत होतो, बियाणे ढोरांना घालायला माणूस किती दिवस लावील.

ती गोठ्याशी होती. दोन बैल, एक म्हैस, आणि घरात दुसरे कोणी नाही. मला बघून तिने पदर घेतला.

"बाई, ते बियाणं," मी गाडीतून उतरता उतरताच विचारले, "ठेवलंय ना?"

"नाई," ती म्हणाली. "घातलं. भिजवून घातलं म्हशीले. शिमग्यापासून घालून राह्यली होती, आठ दिस झाले सरलं."

"सगळं?"

"दवंडी पिटली ना. जरीवाल्यायनं राखू नका म्हने."

"पण ते जरी नव्हतं! पाटलांना सांगायचं होतं."

"पाटील माहे जेठ लागते, मालकाचे थोरले भाऊ. जेठापुढं तोंड उघडाचं का? सासूनं सांगून पायलं त्यायले. थे म्हनले, कागदावर जरी हाय, अन् तिच्याच तोंडचं लिवलं म्हनते. मंग काय बोलाचं?"

ही सासू शेजारच्या घरची चुलत सासू. तीही दारात येऊन उभी राहिली.

मी म्हटले, शोधू. दुपारभर आम्ही शोधले. टोपल्या उपड्या केल्या, कणग्यांच्या सांदीत हात घातले. रेचा, म्हणजे सरकी वेगळी करायचे लाकडी यंत्र, तिने सोडून त्याचे रूळ झटकले. पऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळल्या झाडांचा, ढीग परसात जळणाला रचलेला होता. तो एकेक काडी करून आम्ही उपसला. अकरा बोंडे सापडली, न फुटलेली. मी ती दगडावर फोडली. प्रत्येकात अळीने खाल्लेली पोकळ टरफले. ती माझ्याशेजारी बसून प्रत्येक टरफल नखाने उघडून बघत होती.

"मले ठावं होतं," ती म्हणाली. "चांगलं बोंड मी झाडावर ठेवतच नाई. पयल्या वेचनीचं, मधल्या फांदीचं, थेच बियान्याले काहाडते. बारा सालं काहाडलं. मालकानं झाड आनलं, पन निवडाचं काम माहंच होतं. त्यायले त्यातलं कळे नाई."

मी तिच्याशेजारी त्या टरफलांत बसलो होतो आणि मला रडू आले. साहेबांची बदलीची बनी तिला आधीच मिळाली होती, पोते दारात होते. पण त्या मुरमात ती बनी उगवणार नाही हे मलाही कळत होते आणि तिलाही. मी म्हटले, कागदावर कापसाचे जे झाड काढले त्यात तुमचे पान मीच जरीत घातले, चूक माझी आहे. मी नीट विचारायला हवे होते. सोनाजीला, सासूबाईंना, कोणालाही विचारायचे होते.

"मीच म्हनलं ना जरी," ती म्हणाली. "तुमी काय करसान."

म्हशीने मान हलवली, घंटा वाजली. सासू आत पाणी आणायला गेली. मग या बाईने विचारले,

"थे झाड आनलं का तुमी? कागदाचं?"

मी गाडीतून गुंडाळी आणली आणि गोठ्याच्या ओट्यावर पसरली. तिने चारी कोपऱ्यांवर गोवऱ्या ठेवल्या. हिरवे कुठले, तांबडे कुठले विचारले. मी तिचे पान तांबड्यातून खोडले आणि बनीच्या फांदीवर नवी फांदी काढली, मग ती मध्येच थांबवली. का थांबवली हे तिने विचारले नाही. नुसते बोट ठेवले.

"इथं नाव येते ना?"

"येतं," मी म्हणालो. "मला आता ठाऊक आहे. मी लिहितो. तुम्ही घेऊ नका."

"थांबा." तिने सासू आत आहे ना ते पाहिले. पदर मागे सरला होता, तो तिने पुढे घेतला नाही. "पुंजाजी," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, म्हणून पुन्हा एकदा स्वच्छ म्हणाली, "पुंजाजी. लिवा."

मी लिहिले.

"आता खाली तुमचं लिवा."

"माझं कशाला?"

"जरी कोनं लिवलं होतं, थे भी कळलं पायजे ना मांगून पाहनाऱ्याले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, निदान मला ऐकू आला नाही. मी लहान अक्षरात माझे नाव लिहिले. शाई वाळेपर्यंत ती वाकून बघत राहिली, मग गोवऱ्या उचलून जागच्या जागी ठेवल्या. सासूने गुळाचे पाणी आणले. ते पिऊन मी निघालो.

साहेबांना दुरुस्ती आवडली. म्हणाले, खऱ्या झाडावर जिवंत फांद्यांपेक्षा बुडालेल्याच जास्त असतात, मन खाऊ नको. कागद त्यांच्याबरोबर विलायतेस गेला. तिथे कोणी मराठी वाचणारा भेटला तर बनीच्या एका तुटक्या फांदीवर त्याला दोन नावे दिसतील, झाड शोधणाऱ्याचे आणि ते बुडवणाऱ्याचे. बारा वर्षे ज्या हातांनी ते बियाणे निवडले त्या बाईचे नाव तिथे नाही. सोनाजी तिला पुंजाजीची बायको म्हणे, पाटील धाकट्याची म्हणत, सासू 'सूनबाई' म्हणे. तिने माझे नावसुद्धा लिहवून घेतले, आणि मी तिचे विचारले नाही.